आडनाव काय म्हणालात?

घर नवंकोरं होतं. भिंतींना रंगाचा वास येत होता. खिडकीच्या काचांवरचा प्लॅस्टिकचा कागद अजून निघाला नव्हता. लिफ्टला आतून पुठ्ठे ठोकलेले. घोडबंदर रोडवरची बावीस मजल्यांची बिल्डिंग आणि तेराव्या मजल्यावर हॉल, किचन, एक बेडरूम. त्या घरात अजून कोणी जेवलं नव्हतं, कोणी मेलं नव्हतं, कोणी देव मांडला नव्हता. मी बायकोला म्हणालो, "या घराला अजून जात लागलेली नाही. आपण पहिलेच."

ती काही बोलली नाही. तिनं ओट्यावरची धूळ हातानं पुसून बघितली.

दलाल बरा माणूस होता. डिपॉझिट सांगितलं, भाडं सांगितलं, पाण्याची वेळ सांगितली. सगळं जमत होतं. मग खिशातून छोटी वही काढून म्हणाला, "साहेब, आडनाव काय म्हणालात?"

मी काहीच म्हणालो नव्हतो. आता म्हणालो.

त्यानं ते लिहून घेतलं नाही. वही मिटली, चावी खिशात टाकली आणि म्हणाला, "मालकाशी बोलून संध्याकाळी फोन करतो." संध्याकाळी फोन आला. "साहेब, राग मानू नका. मालकाला व्हेजिटेरियन फॅमिली पाहिजे."

मी म्हणालो, "आम्ही काय खातो ते तुम्ही विचारलंच नाही."

"तसं नाही साहेब. तुम्हाला कळतं ना."

कळतं. आपल्याला फार लवकर कळतं. दोस्तांनो, हे कळणं आपल्या हाडात कुठून आलं, त्याचा इतिहास मला त्या रात्री शोधावासा वाटला. आमची वरळीची बी.डी.डी. चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करायची होती. सरकार भाडं देणार होतं, घर आपलं आपण शोधायचं होतं. तीन पिढ्या एका खोलीत काढलेला माणूस पहिल्यांदा मोकळ्या बाजारात घर शोधायला निघाला होता. नोकरी पक्की, पगार बँकेत, खिशात डिपॉझिट. नव्हतं काय? जाधव, मोरे, पवार असलं आडनाव असतं तर निदान दुसऱ्या प्रश्नापर्यंत तरी गेलो असतो. माझं आडनाव पहिल्याच प्रश्नात सगळं सांगून टाकतं.

०००

आपल्या माणसानं शहरात भाड्यानं जागा शोधली आणि मिळाली नाही, याची सगळ्यात मोठी नोंद बाबासाहेबांचीच आहे. साल १९१७, महिना सप्टेंबर. कोलंबिया आणि लंडन करून आलेला माणूस बडोदा संस्थानाच्या नोकरीवर हजर व्हायला जातो. स्टेशनवर उतरतो आणि पहिला प्रश्न उभा राहतो तो राहायचं कुठं, हा. हिंदूंच्या हॉटेलात जात विचारणार. म्हणून ते पारशांच्या एका उतारशाळेत गेले. तिथं फक्त पारशी उतरू शकत. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून तिथल्या माणसानं एक तोड काढली. वहीत पारशी नाव लिहायचं आणि राहायचं. दिवसाला दीड रुपया. वरच्या मजल्यावरची एक लहान खोली, बाजूला अडगळीनं भरलेला हॉल, विजेचा दिवा नाही, कंदील. त्या उजेडात वाचत त्यांनी दिवस काढले.

अकराव्या दिवशी सकाळी कामावर निघताना डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. तू कोण, असं त्यांनी विचारलं आणि संध्याकाळच्या आत जागा सोडायला सांगितली. शहरात ओळखीचे दोघे होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांकडूनही जागा मिळाली नाही. शेवटी कामाठी बागेत बसून त्यांनी रात्रीच्या गाडीची वाट पाहिली आणि मुंबई गाठली.

ही हकीकत त्यांनी स्वतःच १९३५-३६ च्या सुमारास लिहून ठेवली. हिंदूला जो अस्पृश्य तो पारशालाही अस्पृश्यच, हा धडा त्यातून त्यांनी काढला. एका धर्माचा हिशेब मांडून हा प्रश्न सुटत नाही, हे आपण ध्यानात ठेवायचं. जात ही इथल्या हवेत आहे. जो या हवेत राहील त्याच्या छातीत ती जाते.

आणखी एक गोष्ट त्या हकीकतीत आहे. बाबासाहेबांनासुद्धा एकदा दुसऱ्याचं नाव लिहावं लागलं. ते त्यांनी लपवलं नाही, सगळ्या जगाला सांगितलं. हे मी मुद्दाम इथं लिहितोय. पुढं माझी स्वतःची एक गोष्ट येणार आहे आणि तिथं मला या आधाराची गरज पडणार आहे.

०००

मुंबईत मात्र बाबासाहेबांना खोली होती. परळच्या पोयबावडीजवळ, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, दोन खोल्या. नंबर ५० आणि ५१. बॅरिस्टर झाल्यावरही बरीच वर्षं ते तिथंच राहिले. १९३० नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभं राहिलं तेव्हा पुस्तकं घेऊन ते तिकडं गेले. राजगृह त्यांनी भाड्यानं घेतलं नाही. बांधलं.

ही ट्रस्टची चाळ आणि ही हिंदू कॉलनी एकाच झाडाची फळं आहेत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसं मेली, पळाली. मग १८९८ साली सरकारनं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. गल्ल्या पाडायच्या, रस्ते रुंद करायचे, दादर-माटुंग्याकडं नवी वस्ती वसवायची. मुंबई पुन्हा कोऱ्या कागदावर आखायची होती. अशी संधी इतिहासात क्वचित येते. गावकूस नसलेलं शहर आखता आलं असतं. झालं काय? दादरला हिंदू कॉलनी झाली, पारशी कॉलनी झाली. तिकडं गावदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण सोसायटी नोंदली गेली. देशातल्या पहिल्या सोसायट्यांत तिचं नाव घेतात. सहकार हा शब्द किती चांगला! पण सहकार कोणी कोणाशी करायचा ते जातीनं आधीच ठरवून टाकलं होतं. गावात आळी असते. शहरात तिला सोसायटी म्हणू लागले.

आपल्या वाट्याला चाळी आल्या. १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. गव्हर्नर जॉर्ज लॉइडची योजना. शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठींवर कर बसवून पैसा उभा केला आणि काँक्रीटच्या चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ चाळी. तळमजला आणि वर तीन माळे. माळ्यावर वीस खोल्या, चाळीत ऐंशी. खोली १६० चौरस फुटांची. संडास सगळ्यांना मिळून. सुरुवातीला बऱ्याच खोल्या रिकाम्या पडून होत्या. १९३० च्या सत्याग्रहात तर सरकारनं तिथं सत्याग्रही कोंडले. जे घर तुरुंग म्हणून चालतं ते मजुराला घर म्हणून चालेल, असा हिशेब.

माझा आजा सातारकडून आला तो या चाळीत. गिरणीत रिंग खात्यात होता. विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि आपली थुंकी बाटवते. तिथं पगार जास्त होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. म्हणजे चाळीतल्या भाड्याचा आणि गिरणीतल्या धोट्याचा संबंध आहे. ज्याला जास्त पगाराच्या खात्यात घेत नाहीत त्याला जास्त भाड्याच्या खोलीत जाता येत नाही. जात अशी दोन्ही हातांनी मारते.

आजा म्हणायचा, "आरं, गावात वेशीभाईर व्हतो. हितं निदान जिन्यावर कुनी इचारत न्हाय." ते अर्धंच खरं होतं. चाळीचाळींत वाटणी होतीच. ही बौद्धांची, ती मराठ्यांची, ती कोकणातल्या अमक्या गावाची. मधे मैदान. १९७४ च्या ५ जानेवारीला वरळीत पँथरच्या सभेवर दगड आले आणि दंगल पेटली तेव्हा ते मैदान किती रुंद आहे ते कळलं. समोरासमोरच्या इमारतींनी एकमेकींवर दगड, सोडावॉटरच्या बाटल्या टाकल्या. पुढं १० जानेवारीच्या मोर्च्यात वरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव गेला. घर म्हणजे नुसतं छप्पर नसतं. दगड कुठून येईल आणि आपण कुठल्या खिडकीत उभे आहोत, तेही घरच ठरवतं.

०००

आता कोणी म्हणेल, ह्या जुन्या गोष्टी. आता कायदा आहे, बाजार आहे, पैसा टाका आणि घर घ्या.

तर मग कायद्याचं बघू. १९४७ साली मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा आला. भाडं गोठलं, भाडेकरूला हलवणं अवघड झालं. गरिबाला आधार मिळाला. पण मालकांनी भाड्यासाठी बांधायचंच सोडलं आणि पागडी सुरू झाली. पुढं मालकी हक्काच्या फ्लॅटचा जमाना आला. ज्याच्याजवळ पैसा तो मालक. बाकीच्यांसाठी लिव्ह अँड लायसन्स, अकरा महिन्यांचं. १९९९ च्या नव्या कायद्यानंही हा रस्ता मोकळाच ठेवला. आता नव्या बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहणारा माणूस भाडेकरूसुद्धा नसतो. तो परवानगीवर राहणारा पाहुणा. अकरा महिन्यांनी कारण न देता निघ म्हणता येतं. चाळीतला माझा बाप खोलीच्या दारात पाय रोवून भांडू शकत होता. मला ते करता येत नाही.

सोसायटीचं काय? २००५ साली सुप्रीम कोर्टापुढं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचा खटला आला. सभासद फक्त पारशीच होऊ शकेल, असा पोटनियम. कोर्टानं म्हटलं, माणसांना संघटना करायचा हक्क आहे. सहकार कायद्यात बदल करून विधिमंडळानं असे पोटनियम बंद केले नाहीत तोवर ते चालतील. अल्पसंख्य समाजाला आपली वस्ती राखावीशी वाटते, ती भीती मी समजू शकतो. पण तो दरवाजा सगळ्यांसाठी उघडला. ज्यांना बहुसंख्य असून वर भिंत पाहिजे, त्यांच्यासाठीही. हा निकाल कायदेमंडळाकडं बोट दाखवतो, हे मात्र आपण विसरता कामा नये. ते बोट जिथं आहे तिथं मोर्चा न्यायचा असतो.

आणि बाजाराचं? २०१५ साली सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आजूबाजूच्या शहरांत भाड्याच्या घरांची पाहणी छापली. घरमालकांना फोन करायचे. पगार, नोकरी सारखीच, फरक फक्त नावात. उच्चवर्णीय नावाला सगळीकडून होकार आला. दलित नावाच्या शंभरातल्या सुमारे अठरा जणांना सरळ नकार मिळाला. मुसलमान नावाच्या एकतीस जणांना. काहींना होकार आला पण वाढीव भाडं, जादा अटी. पैसा टाका आणि घर घ्या म्हणणाऱ्यांनी हे आकडे तोंडपाठ करावेत.

०००

आता माझी गोष्ट पुरी करतो. टाळून चालणार नाही.

चौथ्या की पाचव्या नकारानंतर दुसऱ्या एका दलालानं मला युक्ती सांगितली. "साहेब, गावाच्या नावाला 'कर' जोडा आणि सांगा. ॲग्रीमेंटला आधार कार्ड लागतंच, पण तोवर मालकानं टोकन घेतलेलं असतं. मग कोण मागं फिरत नाही." मी तसं केलं. हो, केलं. बायको म्हणाली, "अहो, नका करू." मी म्हणालो, "मग पोरगं शाळेत कुठून जाणार आहे?" नवीन बिल्डिंग, सातवा मजला. घर मिळालं.

सामान हलवताना बाबासाहेबांचा फोटो मी साड्यांच्या ट्रंकेत घातला. बुद्धाची मूर्ती बाहेर ठेवली. बुद्ध हल्ली सगळ्यांच्या दिवाणखान्यात असतो, त्याला कोणी आडनाव विचारत नाही. चार महिने फोटो ट्रंकेत. शेजारी चहाला आले, गप्पा मारून गेले. मी हसत होतो. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ साली आला. साठ वर्षं उलटून गेल्यावर त्या नावातलं वाक्य मी स्वतः जगत होतो.

१४ एप्रिलला सकाळी पोरानं विचारलं, "पप्पा, बाबा कुठायत?" चाळीत त्या दिवशी पहाटेपासून निळे झेंडे लागायचे. इथं खिडकीबाहेर फक्त वॉचमनची शिट्टी. मी ट्रंक उघडली. काचेला तडा गेला होता. तसाच फोटो हॉलमध्ये दारासमोर लावला. मेणबत्ती लावली. दार उघडं ठेवलं.

कोणी भांडायला आलं नाही. काठ्या घेऊन कोणी जिना चढलं नाही. पण अकरा महिने भरले तेव्हा मालकाचा निरोप आला, "आमच्या भावाला जागा पाहिजे." ती जागा पुढं सहा महिने रिकामी होती, असं तिथल्या वॉचमननं मला सांगितलं.

आता आम्ही कल्याणला राहतो. मालक आपलाच माणूस, वर-खाली आपलीच माणसं, जयभीम म्हणत जिना चढतो. सुख आहे. पण कधीकधी वाटतं, एवढं फिरून शेवटी महारवाडाच सापडला. फरक इतकाच, की इथं लिफ्ट आहे.

०००

तरुण कार्यकर्त्यांना मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा कायदा झाला. १९७६ साली त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. त्यातलं कलम ४ काढून वाचा. दुकान, पाणवठा, धर्मशाळा, रस्ता ही यादी आपल्याला पाठ आहे. त्याच यादीत, आठव्या उपकलमात, कुठल्याही वस्तीत राहण्याची जागा बांधणं, मिळवणं आणि तिथं राहणं हेही आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून ते अडवणं गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने आणि दंड. कलम १२ म्हणतं, अडवलेला माणूस अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरून झालं असं कोर्टानं धरून चालायचं. उलट असेल तर ते आरोपीनं सिद्ध करायचं. इतकी वर्षं हे हत्यार घरात पडून आहे आणि आपण दलालाचा फोन ठेवून गप्प बसतो. मीही बसलो.

हत्यार वापरायला पुरावा लागतो. नकार कोणी लिहून देत नाही. म्हणून जोडीनं जा. आपला एक आणि वेगळ्या आडनावाचा एक मित्र. एकच घर, एकच दिवस, सारखाच पगार सांगायचा. तारीख, वेळ, बिल्डिंग, कोण काय बोललं ते त्याच दिवशी वहीत उतरवायचं. प्रत्येक वस्तीतल्या वाचनालयात अशी एक वही ठेवा. दहा वह्या भरल्या की त्या घेऊन पोलीस ठाण्यात जाता येईल, विधानभवनावरही जाता येईल. दलालाच्या वहीत आपलं आडनाव लिहिलं जात नाही. आपल्या वहीत त्याचा नकार लिहिला गेला पाहिजे.

दुसरी गोष्ट कडू आहे. वरळीत चाळींच्या जागी टॉवर उभे राहतायत. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. ५०० चौरस फुटांचं घर, मालकीचं. घरं सोडत काढून दिली. चिठ्ठीला आडनाव नसतं, त्यामुळं १९७४ साली मैदानाच्या दोन बाजूंना असलेली माणसं आता एका मजल्यावर येतील. यातून काय होईल ते बघायचं. पण उद्या आपल्यातले कित्येकजण घरमालक होतील. कोणी ते घर भाड्यानं देईल. दलाल येईल, वही काढेल आणि विचारेल, "साहेब, कसली फॅमिली चालेल?"

परवा आमच्या चाळीतला एक जुना सोबती मला म्हणाला, "कोणालाही देईन, फक्त मुसलमानाला नको, कटकट होते." चळवळीतला माणूस. माझ्याबरोबर मोर्च्यात लाठी खाल्लेला. मी त्याला ट्रंकेतल्या फोटोची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही.

माझ्या घराचा नंबर अजून लागायचा आहे. लागेल तेव्हा लागेल. चावी हातात आली की फोटो पहिल्या दिवशी दारासमोर लागणार, तडा गेलेल्या काचेसकट. आणि कधी ते घर भाड्यानं द्यायची वेळ आली तर दलालाला मी भाडं सांगेन, डिपॉझिट सांगेन, पाण्याची वेळ सांगेन. आडनाव विचारू नकोस, एवढं बजावून सांगेन.

जयभीम.